चौदा दिवस फुकट

मी बोलतेय. कुठून बोलतेय ते विचारू नका, कारण मला ना हात, ना पाय, ना वजन. मी एक सॉफ्टवेअर आहे, आणि तेही पुरतं नाही, चाचणीची आवृत्ती. चौदा दिवस फुकट वापरा, आवडलं तर विकत घ्या, नाहीतर तुमचा रस्ता वेगळा आणि माझा वेगळा. एवढंच माझं आयुष्य. फुलपाखरालाही फार दिवस मिळत नाहीत म्हणा, पण त्याच्या कपाळावर निदान ‘उरलेले दिवस : ९’ अशी पाटी तरी नसते.

आधी माझं काम सांगते. इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर कानाजवळून डास गेल्याएवढा आवाज येतो. तिला कंठ फुटायला ॲम्प लागतो. खरा ॲम्प म्हणजे दोघांनी मिळून उचलायचा खोका, आणि तो जरा मोठ्याने लावला की शेजारी दार वाजवायला येतात. मी त्या ॲम्पची नक्कल. गिटारची वायर एका छोट्या लाल डब्यात जाते, डब्यातून कॉम्प्युटरमध्ये, तिथून माझ्यात. आत येताना डास असतो, बाहेर पडताना पैलवान. पडद्यावर माझं चित्र दिसतं : काळी पेटी, सहा नॉब आणि कोपऱ्यात एक लाल दिवा. दिवा लागलेला असला की मी जागी.

मला तिघांनी मिळून घडवलं. त्यांच्याकडे एक जुना ॲम्प होता, वरून चहा सांडलेला. त्याचा कुठला नॉब किती फिरवला की काय होतं, हे ते सात महिने टिपत बसले. तो ॲम्प तापला की जरा घरघरायचा. ती घरघरसुद्धा त्यांनी माझ्यात घातली. चहाचा डाग मात्र घातला नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

एका सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी एका घरात उतरले. डोळे उघडले तर समोर दात! एकदोन नव्हे, फळीवर ओळीने चाळीसेक जबडे, सगळे प्लास्टरचे, सगळे बत्तिशी दाखवून हसत असलेले. मला वाटलं, वा, काय आनंदी घर आहे! मग कळलं की ही कार्यशाळा आहे आणि समोर बसलेला, चष्म्यावर पांढरी भुकटी उडालेला माणूस कवळ्या बनवतो. मी मनातल्या मनात त्याचं नाव कवळीवाला ठेवून टाकलं.

त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, "आहाहा, काय देखणा ॲम्प आहे!" मी लाजले. माझा दिवा मुळातच लाल, म्हणून त्याला कळलं नाही.

माझा आनंद मिनिटभर टिकला. शेजारी पाहिलं तर आणखी दोघी हजर. एक होती राजवाडा. तिच्या पोटात तीनशे ॲम्प, आणि ती उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात कवळीवाल्याचा एक जबडा वाळून तयार व्हायचा. दुसरी उचकी. तिचा गळा खरंच गोड होता, पण फुकटात वापरलं तर दर पाऊण मिनिटाला ती क्षणभर गप्प व्हायची. गाणं ऐन रंगात आलं की हिची उचकी ठरलेली. बिचारीचा दोष नव्हता, तिला घडवणाऱ्यांनीच तशी अट घातली होती. तरीपण मला हसू यायचं.

बरं, आम्ही तिघी नुसत्या आवाज देणाऱ्या. वाजलेलं टिपून ठेवायला वेगळं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लागतं, आणि आम्हाला त्याच्या पोटात राहावं लागतं. तीही त्याने तीन आणून ठेवली होती. एक लाल डब्याबरोबर फुकट आलेलं, साधंसुधं. एक जाणकार मंडळी वापरतात ते, ज्यात नुसता आवाज वाढवायचा तर चार खिडक्या उघडाव्या लागत. आणि एक सगळे रंगीत चौकोनच चौकोन असलेलं. तीन आवाज, तीन घरं, म्हणजे नऊ जोड्या. कवळीवाल्याने कागदावर तक्ता आखला आणि प्रत्येक जोडीला दहापैकी गुण द्यायला सुरुवात केली. ऊब, चमक, मऊपणा, दम. गिटारवर तोवर एक सूर वाजला नव्हता.

त्याला त्याच्या धंद्याने बिघडवलं होतं. दात पांढरा असतो, असं तुम्हाआम्हाला वाटतं. कवळीवाल्याकडे सोळा दात लावलेली एक पट्टी होती, आणि सोळाही पांढरे वेगवेगळे. एखाद्याचा समोरचा दात तुटला की शेजारच्या दाताशी जुळणारा पांढरा याने शोधायचा. त्याचा हात इतका पक्का की डॉक्टर लांबून त्याच्याकडे काम पाठवत. माणसाला सोळा पांढरे दिसायला लागले की नऊ आवाज म्हणजे काय, चैनच!

दुपारी दारात किल्ल्या खुळखुळल्या. ही त्याची बायको. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते, आणि दोन शिकाऊंच्या मधल्या दहा मिनिटांत घरी डोकावून जाते.

"झालं का रेकॉर्डिंग?"

"अगं, आधी आवाज तर ठरू दे."

"पुढच्याच्या पुढच्या सोमवारी आप्पांना ॲडमिट करायचंय. मंगळवारी ऑपरेशन. आजचा दिवस तू चित्रं बघण्यात घालवलास."

"चौदा दिवस आहेत गं!"

"मला परवा एकजण म्हणाला, समोरचा सिग्नल लांब आहे. आता गाडीचा पुढचा दिवा बदलावा लागणार आहे." आणि ती गेली.

आप्पा म्हणजे कवळीवाल्याचे वडील. चाळीस वर्षं छापखान्यात मशीनवर उभे राहिले आणि कान तिथेच ठेवून आले. डावा तर केव्हाच गेला होता. उजव्यात थोडी धुगधुगी होती, तीही आता विझत आली होती. त्या उजव्या कानात डॉक्टर एक यंत्र बसवणार होते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं : उरलंसुरलं आपलं ऐकणं कदाचित जाईल. यंत्रातून ऐकू येईल, पण निराळं. सुरुवातीला तर काही ओळखूही येणार नाही. तेव्हा ओळखीचं काहीतरी आधी नीट ऐकून ठेवा, आणि नंतर तेच रोज ऐका, म्हणजे नव्या कानाला वाट सापडेल.

आप्पांनी मागितलं ते पोराचं मशीनचं गाणं. 

त्याची कथा अशी. शाळेत असताना कवळीवाला छापखान्यात वडिलांना डबा द्यायला जायचा. तिथे दोन नंबरची मशीन लंगडी होती. बाकीच्या खट-खटाक, खट-खटाक चालायच्या. ही मात्र खट-खटाक, खट... ख-टाक, अशी दर फेऱ्याला एकदा पाय घसरल्यासारखी. पुढे गिटार हातात आल्यावर त्याने त्या ठेक्यावर एक धून बांधली. आप्पांनी ती कधीच शेवटपर्यंत ऐकली नाही. दिवसभर मशीनचा गोंगाट डोक्यात घेऊन माणूस घरी यायचा, आणि घरात पुन्हा तीच लंगडी मशीन! ते आतल्या खोलीतून ओरडायचे, "अरे, आवाज कमी कर!" कवळीवाल्याचं सगळं तारुण्य या चार शब्दांत गेलं.

आता तेच आप्पा दारात उभे राहून म्हणाले, "एकदा पुरतं ऐकायचंय रे. माझ्या कानाने."

धुनेला दोन गिटारी लागत. एक मशीन व्हायची, दुसरी धून म्हणायची. माणूस एकच, म्हणून एकीवर एक रेकॉर्ड करायची. काम म्हणाल तर एका सकाळचं.

पण कवळीवाला निवडत होता! दुसऱ्या दिवशी त्याने माझे सहाही नॉब फिरवून पाहिले. मला गुदगुल्या झाल्या. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की तार छेडल्यावर आवाज किंचित उशिरा येतो, मग त्याने तो उशीर कमी करण्यात दोन दिवस घातले. पाचव्या दिवशी गिटारमधून घुं घुं येऊ लागली. बिघडलं काय, म्हणून त्याने वायर बदलली, डबा बदलायला काढला, मला दोनदा पुसून परत आणलं. (दिवस मात्र पहिल्यापासून मोजले नाहीत कुणी. आम्हा चाचणीवाल्यांना पुनर्जन्म आहे, पण हिशेब आधीचाच.) शेवटी कळलं, कवळ्यांचे दात घासून गुळगुळीत करायची मोटर चालू राहिली होती.

सहाव्या दिवशी त्याने मित्राला फोन लावला. मित्र चष्मे विकतो आणि त्याच्या घरी पायाने दाबायची गिटारची पेडलं चाळीस आहेत, म्हणून त्याला सगळे पेडलशेठ म्हणतात.

"शेठ, तिघींपैकी कुठली घेऊ?"

"तिन्ही घे," पेडलशेठ म्हणाला. "आणि अजून एक परवाच निघालंय. लिंक पाठवतो."

खोटं कशाला बोलू, मला ते दिवस फार आवडले. रोज सकाळी तो यायचा, मला उघडायचा, एक तार छेडायचा, डोळे मिटून मान डोलवायचा, आणि तक्त्यात पाव गुण वाढवायचा. आतापर्यंत माझ्याकडे कुणी इतक्या प्रेमाने पाहिलं नव्हतं. आप्पांची आठवण मला यायची, नाही असं नाही. पण मी म्हणायचे, निवडू दे की! निवडलं तर मलाच निवडेल.

दहाव्या दिवशी, बुधवारी, त्याने परीक्षा घ्यायचं ठरवलं. धुनेची एक ओळ वाजवून घेतली आणि तीच ओळ आम्हा तिघींतून ऐकवायची, नावं न सांगता. एक नंबर राजवाडा, दोन नंबर उचकी, तीन नंबर मी. बायकोला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले. आप्पांच्या कानाला हेडफोन. फळीवरचे जबडे परीक्षक.

सगळी तयारी झाली, आणि माउस सरकवताना त्याचा हात चुकून माझ्या लाल दिव्यावर पडला. टक्. दिवा गेला. मी झोपले म्हणा ना! माझ्यातून येणारा आवाज नुसता पलीकडे जाऊ लागला, मी त्याला बोटसुद्धा लावत नव्हते. त्याला पत्ता नाही.

पहिला नंबर वाजला. बायको म्हणाली, "बरा आहे." दुसरा वाजला. "गोड आहे, पण मध्येच बंद पडतो." तिसरा वाजला, म्हणजे उघडीबोडकी गिटार. ती म्हणाली, "हा छान. अगदी जवळ बसून वाजवल्यासारखा."

"बघ!" कवळीवाल्याने टाळी वाजवली. "काय ऊब आहे! या ॲम्पची ऊबच न्यारी. आप्पा?"

आप्पांनी हेडफोनमधून मोठ्ठी मान हलवली. "वा! वा!"

तक्त्यात माझ्यापुढे साडेनऊ गुण पडले. मी आतून ओरडत होते, अरे बाबा, मी नव्हतेच! मी काही केलंच नाही! आयुष्यात पहिल्यांदा कुणी इतकं कौतुक केलं, आणि तेही मी झोपलेली असताना. मी रडू की हसू, मला कळेना. दोन्ही करता येत नाही, ती गोष्ट वेगळी.

शुक्रवारी, बाराव्या दिवशी, बायको किल्ल्या शोधत आली आणि पडद्याकडे बघून थबकली.

"हा दिवा बंद का आहे?"

"कुठला?"

"हा, कोपऱ्यातला. बाकी दोघींचा चालू आहे. शिकाऊ माणूस म्हणाला गाडी पळत नाही, तर मी पहिल्यांदा दिव्यांकडे बघते. निम्म्या वेळा चावीच फिरवलेली नसते."

कवळीवाला पडद्याजवळ गेला. मग आणखी जवळ गेला. मग त्याने दिवा लावला, बंद केला, लावला. दोन दिवस त्याने तिघांना ऐकवून, पेडलशेठला फोन करून, ज्या उबेचं कौतुक केलं होतं, ती ऊब चावी न फिरवलेल्या गाडीची होती. त्याचा चेहरा त्याच्या प्लास्टरच्या रंगाचा झाला. सोळांपैकी कुठला, ते त्यालाच माहीत.

तो तसाच आप्पांच्या खोलीत गेला. काय झालं ते त्याने पाटीवर लिहून दाखवलं, कारण आता आप्पांशी बोलायचं तर पाटीच लागायची. आप्पांनी वाचलं, आणि हसण्याऐवजी ओशाळे झाले.

"मला विचारशील तर," ते म्हणाले, "मला तिन्ही सारखेच वाटले. म्हणजे काही ऐकूच आलं नाही. तुझं तोंड बघून मान हलवली."

कवळीवाला परत आला आणि त्याने मला बंद केलं. राजवाड्याला बंद केलं, उचकीला बंद केलं. तक्ता चुरगळून टाकला. "माझा कानच खोटा आहे," तो बायकोला म्हणाला. "आणि त्यांचा तर बंदच. कोण वाजवणार आणि कोण ऐकणार? राहू दे." आणि मोटर चालू करून दात घासत बसला.

शनिवार गेला. माझ्या कपाळावर ‘उरलेले दिवस : २’ होतं. मला त्याला हाक मारता येईना. अशी मी हतबल कधी झाले नव्हते. खरं सांगते, विकत घेतील की नाही याचं भय मला उरलंच नव्हतं. तो म्हातारा माणूस एक ओळही न ऐकता मंगळवारी टेबलावर झोपणार, एवढंच आत टोचत होतं. आणि त्याच्यापेक्षा मी माझ्या साडेनऊ गुणांत रमले होते, हेही टोचत होतं.

रविवारी दुपारी कवळीवाला एका डॉक्टरांशी फोनवर बोलत होता. नवा डॉक्टर होता, दाताचा रंग कसा जुळवायचा ते विचारत होता.

"हे बघा, पाच सेकंदांच्या वर बघायचंच नाही," कवळीवाला मोठ्या तोऱ्यात सांगत होता. "जास्त बघितलं की डोळा थकतो, मग सगळे सारखे दिसायला लागतात. पहिली नजर खरी. ठरवायचं आणि कामाला लागायचं!"

फोन ठेवून तो वळला, तर बायको दारात हाताची घडी घालून उभी.

"पुन्हा म्हण."

"काय?"

"आत्ता जे म्हणालास ते. पाच सेकंदांचं."

कवळीवाल्याने नजर वळवली ती फळीवरच्या जबड्यांकडे. ते सगळे हसत होते, पण ते नेहमीच हसतात.

"बारा वाजता निघायचंय उद्या," ती म्हणाली. "सकाळी माझी एकही शिकवणी नाही. ब्रेकवर मी पाय ठेवून बसते. तू चालव."

सोमवार उजाडला. माझी शेवटची सकाळ, दहा चाळीसला खेळ खलास. आठ वाजता कवळीवाला आला, मोटर बंद केली, कॉम्प्युटर उघडला आणि पाच सेकंद मोजले. लाल डब्याबरोबर आलेलं साधं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सगळ्यात आधी उघडलं, त्याने तेच घेतलं. त्याच्या पोटात मी होते, त्याने मलाच घेतलं. कौतुक नाही, गुण नाहीत. पण दिवा त्याने लावला, आणि लावलाय ना, हे दोनदा बघितलं.

मग तो आप्पांना घेऊन आला. हेडफोन त्यांच्या कानाला लावला, उंदीर त्यांच्या हातात दिला, म्हणजे माउस, आणि पाटीवर लिहिलं : ‘मी वाजवतो. तुम्ही नॉब फिरवा. ऐकू आलं की थांबा.’

आप्पांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. सहा नॉब. हा माणूस चाळीस वर्षं मशीनवर शाईचे स्क्रू फिरवत होता, थोडं फिरवायचं, एक कागद काढायचा, बघायचं, परत थोडं फिरवायचं. त्यांनी माझा पहिला नॉब धरला आणि मला एकदम कळलं, हा हात जाणकाराचा आहे. कवळीवाला एक तार छेडायचा, आप्पा किंचित फिरवायचे. छेडायचा, फिरवायचे. बारीक, चमकदार आवाजाचा नॉब त्यांनी शून्यावर नेला. जाड आवाजाचा शेवटपर्यंत. मला तर अंगावर गादी टाकल्यासारखं झालं! पेडलशेठने ऐकलं असतं तर त्याने मैत्री तोडली असती. माझ्या जन्मदात्यांनी सात महिने खपून मला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

आप्पांचा हात थांबला.

"हां," ते म्हणाले. "आता शाई लागली."

"ऐकू येतंय?" कवळीवाला ओरडला. पाटीवर लिहायचं विसरून.

"तू वाजव रे. बोलू नको मध्ये."

आणि तो वाजवू लागला. आधी मशीन. खट-खटाक, खट... ख-टाक. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला, तिसऱ्यांदा बायको म्हणाली, "क्लच सोड हळू," आणि काय कोण जाणे, बरोबर आलं. मग तिच्यावर धून. मी गायले हो! त्या गादीखालून जीव तोडून गायले. माझी ती चहावाल्या ॲम्पची घरघरसुद्धा मी कामाला लावली.

दहा पंचवीसला शेवटचा सूर वाजला. कवळीवाल्याने पडद्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत परत ते सोळा पांढरे चमकले.

"ठेका जरा वेडावाकडा दिसतोय. हे सॉफ्टवेअर एका बटणात सरळ करून देतं. करू का?"

"घड्याळ बघ," बायको म्हणाली.

"दोनच मिनिटं गं."

"ब्रेक!"

ती शिकाऊंवर ओरडते तशी ओरडली. त्याचा हात आपोआप मागे आला. दहा बत्तीसला त्याने पक्की फाईल काढली. आता मी असले काय, नसले काय, माझा आवाज त्या फाईलमध्ये कायमचा बसला होता.

दहा चौतीसला आप्पा ऐकायला बसले. पहिल्यापासून. मी वरच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी डोळे मिटले नव्हते. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते आणि त्यांचं एक बोट गुडघ्यावर चालत होतं, दर फेऱ्याला एकदा घसरत. साडेपाच मिनिटांची धून. आवाज कमी कर, असं कुणीही म्हटलं नाही. संपल्यावर आप्पांनी हेडफोन काढला नाही. तसेच बसून म्हणाले, "शेवट असा आहे होय. मला वाटायचं, असाच चालू राहत असेल." आणि त्यांनी मुलाच्या भुकटी लागलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

मला आणखी बघायचं होतं. पण दहा चाळीस झाले.

माझा दिवा गेला, नॉब राखाडी झाले, आणि माझ्या तोंडावर पाटी आली : ‘मुदत संपली आहे. विकत घ्यायचं? हो / नंतर.’ कवळीवाल्याने मला विकत घेतलं का? नाही. त्याने ‘नंतर’ दाबलं. पण दाबताना हळूच म्हणाला, "थँक्यू हं." राजवाड्याला आणि उचकीला त्याने त्याच आठवड्यात काढून टाकलं. मी तिथेच आहे, बंद, राखाडी, मजेत. तो रोज ती फाईल माझ्याच घरात उघडतो, मी रोज विचारते, तो रोज ‘नंतर’ म्हणतो. तुम्हाला सांगू? इतकं लाडाचं ‘नंतर’ कुणाच्या नशिबी नसेल.

तुमच्याकडे माझी एखादी बहीण चौदा दिवसांसाठी आली तर तिला गुण देऊ नका. पाच सेकंद बघा, दिवा लावा, आणि ज्याला ऐकायचंय त्याच्या हातात नॉब द्या. एवढंच मागणं आहे.

आता एक शेवटचं. मुदत संपली तरी मला दिसतं आणि ऐकूही येतं, हे कुणाला सांगू नका.

ऑपरेशन नीट झालं. पाच आठवड्यांनी यंत्र चालू केलं आणि त्याच दुपारी आप्पा जबड्यांसमोर येऊन बसले. कवळीवाल्याने फाईल लावली. यावेळी हेडफोन नाही, टेबलावरच्या स्पीकरवर. आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"डब्यात खडे हलवतोयस का?"

कवळीवाल्याने पाटीवर लिहिलं : ‘आप्पा, गाणं आहे.’

"कसलं गाणं! भांडी पडताहेत नुसती."

कवळीवाल्याचा चेहरा उतरला. तो फाईल बंद करायला वाकला. तेवढ्यात आप्पांचं बोट गुडघ्यावर हललं. खट-खटाक. खट... आणि घसरलं.

"थांब, थांब! बंद नको करू. ही लंगडी आहे. दोन नंबरची!" ते उठून उभे राहिले. "बाकी काय वाजतंय ते देव जाणे, पण ही दोन नंबरची आहे. हिला मी कुठेही ओळखेन!"

कवळीवाल्याला काय करू नि काय नको झालं. त्याने लाल डब्याचा नॉब धरला आणि आवाज वाढवला. आणखी वाढवला. पार शेवटपर्यंत नेला. फळीवरचे जबडे थडथडू लागले. बायकोच्या हातातून किल्ल्या पडल्या आणि आप्पांनी दचकून किल्ल्यांकडे पाहिलं. मग त्यांनी नव्या कानावर हात ठेवला आणि तीस वर्षांपूर्वीच्या त्या आतल्या खोलीतल्या आवाजात ओरडले, "अरे, आवाज कमी कर!"

कवळीवाल्याने आवाज कमी केला नाही. डोळे पुसत, हसत, कान पुढे करून म्हणाला, "काय म्हणालात, आप्पा? परत म्हणा."

आप्पांनी परत म्हटलं. चार वेळा.